सांगली-मिरजेत मिळणारा बजीचा ‘तयार सेट’: काय ठेवावं, काय काढून टाकावं

सांगली, मिरज, कुपवाड, कुठेही पक्ष्यांच्या दुकानात जाऊन बजीची, म्हणजे बजरीगर या छोट्या पोपटाची, जोडी मागितली की सोबत एक सेट पुढे येतो. तारेचा पिंजरा, प्लॅस्टिकच्या दोन वाट्या, गुळगुळीत लाकडी दांड्या, झोका, घंटी लावलेला आरसा, प्लॅस्टिकची शिडी, मातीचं मडकं आणि कांगाचं, म्हणजे राळ्याच्या दाण्यांचं पाकीट. काही दुकानांत वाळूची पुडी आणि सुती दोरीचं रंगीत खेळणंही त्यात घालतात. बऱ्याच ठिकाणी हा ‘लव्हबर्डचा सेट’ म्हणून विकला जातो, पण पक्षी असतो बजरीगर: ऑस्ट्रेलियातला, तीस-चाळीस ग्रॅम वजनाचा. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला. त्याची चोच कितीतरी दणकट असते आणि या सेटमधलं प्लॅस्टिक तो लगेच फोडतो. म्हणून हे परीक्षण मुख्यतः बजीपुरतं आहे. कॉकटील (बजीहून मोठा, तुरा असलेला पोपट) आणि लव्हबर्डबद्दल जिथे फरक पडतो तिथे सांगितलं आहे.

संपूर्ण सेटला पाचपैकी दोन गुण. ते शिडी, झोका आणि धान्य यांचे. कसोटी एकच लावली: अनोळखी घरात आलेल्या, घाबरलेल्या पक्ष्याला पहिल्या महिनाभरात या वस्तूचा काय उपयोग? दुकानात टांगलेलं खेळणं माणसाला आवडावं म्हणून बनवलेलं असतं. पक्ष्याला मात्र फाडायला, सोलायला, कुरतडायला काहीतरी हवं असतं. वर्षभर जसंच्या तसं राहिलेलं खेळणं म्हणजे पक्ष्याने त्याला चोचही लावलेली नाही.

पिंजरा

सेटमधला पिंजरा बहुधा फूट-सव्वा फूट लांबीचा असतो. दवाखान्यात न्यायला तो ठीक, राहायला नाही. बजीच्या जोडीला किमान २४ इंच लांब, १८ इंच खोल आणि १८ इंच उंच जागा हवी. यात लांबी महत्त्वाची. बजी आडवा उडतो, त्यामुळे उंच आणि अरुंद पिंजऱ्यातली वरची जागा वाया जाते. दोन तारांमधलं अंतर अर्ध्या इंचाहून जास्त नको. कॉकटीलला पाऊण इंचापर्यंत चालतं, म्हणून कॉकटीलचा पिंजरा स्वस्तात मिळाला तरी बजीसाठी घेऊ नका, डोकं अडकतं. घुमटाच्या आकाराचा पिंजराही टाळा. वरती जिथे तारा एकमेकींजवळ येतात तिथे बोट अडकून मोडतं.

रंगाचा पक्का थर भाजून चढवलेला, म्हणजे पावडर कोटिंगचा पिंजरा मिळाला तर तोच घ्या. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेवर सांध्यांपाशी पांढरट भुकटी आणि जस्ताचे बारीक थेंब असतात. बजी चढताना तार चोचीत धरतो, त्यामुळे हे जस्त दिवसभर तोंडात जात राहतं. परिणाम हळूहळू दिसतात: पक्षी मलूल होतो, ओकतो, विष्ठा पाण्यासारखी आणि हिरवट होते. असाच पिंजरा घ्यावा लागला तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ताठ केसांचा ब्रश बुडवून प्रत्येक सांधा घासा, भरपूर पाण्याने धुवा, उन्हात कोरडा करा, आणि नखाने निघतील ते थेंब काढून टाका. हे काम पक्षी आणण्याच्या आधी उरकायचं.

वर सरकणारी दारं बजी चोचीने उचलायला शिकतो. अर्ध्यावर दार निसटलं तर त्याच्या मानेवर पडतं. प्रत्येक दाराला एकेक चिमटा लावून टाका, वाट्यांच्या छोट्या दारांनाही.

दांड्या

सेटमधल्या दांड्या सगळ्या एकाच जाडीच्या आणि गुळगुळीत असतात. पक्षी दिवसरात्र पायांवरच उभा असतो. एकाच जाडीवर तळव्याच्या त्याच जागी भार येत राहिला की तिथली कातडी आधी चकचकीत लाल होते, मग सुजते, मग जखम होते. एक दांडी ठेवा, बाकीच्या काढून फांद्या लावा. बजीला १० ते १५ मिलिमीटर, कॉकटीलला १५ ते २५ मिलिमीटर जाडीच्या, मुद्दाम वेड्यावाकड्या. पेरू, कडुलिंब, तुती चांगली. साल तशीच ठेवा, ती सोलणं हेच पहिलं खेळणं. फांदी ब्रशने घासून धुवायची आणि तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवायची. कण्हेर, रुई, धोतरा, घाणेरी यांच्या काड्या कधीही नाहीत. या झाडांत विष असतं.

द्राक्षाच्या काड्यांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तासगाव-मिरज भागात एप्रिलच्या खरड छाटणीला आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीला बांधावर काड्यांचे ढीग पडतात. द्राक्षवेलीचं लाकूड पक्ष्यांसाठी उत्तम. पीळदार, खडबडीत, पायाला छान पकड देणारं. पण बागेतल्या त्या काड्यांनी हंगामभर बोर्डो मिश्रण आणि बाकीच्या औषधांच्या फवारण्या सोसलेल्या असतात. धुतल्याने सालीच्या भेगांतलं औषध जात नाही. दारातल्या, कधीही न फवारलेल्या मांडवावरची काडी असेल तरच वापरा.

दांड्यांवर चढवायला सॅण्डपेपरचं वेष्टण मिळतं, ‘नखं आपोआप झिजतात’ असं सांगून. नखं झिजत नाहीत, तळवे सोलतात. शून्य गुण.

लावताना दोन फांद्या पिंजऱ्याच्या दोन टोकांना, मधे उडायला मोकळी जागा सोडून. झोपण्याची फांदी सगळ्यात उंच. कोणतीही फांदी वाटीच्या बरोबर वर नको, विष्ठा अन्नात पडते.

आरसा आणि मडकं

या दोन वस्तूंसाठी दुकानदार सगळ्यात आग्रह करतात, आणि याच दोन आधी काढायच्या.

आरशातला पक्षी बजीला खराच वाटतो. एकटा बजी त्याच्याशी तासन्‌तास बोलतो, खाल्लेलं धान्य ओकून त्याला भरवू पाहतो. समोरचा काही खात नाही, काही बोलत नाही, निघूनही जात नाही. पक्षी तिथून हलेनासा होतो. माणसाकडे यायचं, नवीन वस्तू तपासायची, काही शिकायचं कारणच त्याला उरत नाही. जोडी असेल तरी आरशासमोरच्या जागेवरून भांडणं होतात. नवा पक्षी माणसाळायला हवा असेल तर आरसा पिंजऱ्यात लागताच कामा नये. आधीच लागला असेल तर अचानक काढून रिकामी जागा सोडू नका. तिथे राळ्याचं कणीस टांगा.

मडकं म्हणजे घरटं. ते दिसलं की मादी अंडी घालायच्या तयारीला लागते, मग ती वयात आलेली असो वा नसो. दुकानातली पिल्लं बहुधा काही महिन्यांचीच असतात. वर्षाच्या आत अंडी घालायला लागलेल्या मादीत कॅल्शियम कमी पडतं, अंडं आत अडकतं, आणि अडकलेलं अंडं थोड्या तासांत जिवावर बेततं. शिवाय मडक्यात दडून बसलेला नवा पक्षी बाहेरच्या घराशी ओळखच करून घेत नाही. ‘रात्री झोपायला लागतं’ हे खरं नाही. बजी फांदीवर बसून झोपतो. मऊ कापडाचे झोपण्याचे तंबू विकतात, तेही याच कारणासाठी नकोत, आणि त्यांचे धागे गिळले जातात ते वेगळंच.

बाकीच्या वस्तू

शिडी ही सेटमधली सगळ्यात कामाची वस्तू. नव्या पक्ष्याचे पंख दुकानात कापलेले असतील तर तळातून वर यायला तीच वाट असते. प्लॅस्टिकची चालते, लाकडी मिळाली तर बरी. तळाच्या कागदापासून खालच्या फांदीपर्यंत तिरकी लावा. झोकाही चांगला, पण पहिल्या दिवशी नाही. हलणारी वस्तू घाबरलेल्या पक्ष्याला आणखी घाबरवते. दुसऱ्या आठवड्यात टांगा आणि टांगायचा आकडा पूर्ण बंद होतो का ते बघा. उघड्या आकड्यात चोचीचं टोक किंवा पायातली कडी अडकते.

घंटी उघड्या तोंडाची, आतला लोलक पक्का असलेली हवी. बंद घुंगरू नको, त्याच्या फटीत बोट जातं आणि निघत नाही. खेळण्याच्या कड्यांसाठी नट फिरवून बंद होणारी स्टेनलेस स्टीलची कडी सगळ्यात सुरक्षित. चाव्यांच्या गोल रिंगा वापरू नका. लोहचुंबक लावून धातू ओळखता येतो असं म्हणतात, ते अर्धंच खरं: चुंबक चिकटलं तर ते लोखंड, बहुधा जस्ताचा मुलामा दिलेलं, चिकटलं नाही तर ते स्टेनलेस असेल, पण शिसं, जस्त किंवा पितळही असू शकतं. मऊ, नखाने ओरखडा पडणाऱ्या धातूची वस्तू परत करा.

वाळूची पुडी वापरू नका. बजी दाणा सोलून खातो, त्याला दळायला खडे लागत नाहीत. आजारी पक्षी वाळू जास्त खातो आणि ती पोटात साठते. कॅल्शियमसाठी समुद्रफेस, म्हणजे माकूळ या समुद्री जिवाच्या अंगातलं पांढरं कवच पुरतं. काष्ठौषधीच्या दुकानात अख्खं समुद्रफेस मिळालं तर घ्या, आणि मऊ बाजू पक्ष्याकडे करून तारेला बांधा. चोच घासणं, कुरतडणं, कॅल्शियम मिळणं ही तिन्ही कामं एकत्र होतात, म्हणून आमच्या मते समुद्रफेस सेटमध्ये असायला हवं होतं आणि नसतं.

वाट्यांतली छप्पर असलेली वाटी नव्या पक्ष्याला जमत नाही. अंधाऱ्या बोळात डोकं घालायला तो धजत नाही आणि समोर धान्य असून उपाशी राहतो. पहिले आठ दिवस उथळ, उघडी वाटी. कांगाच्या पाकिटातलं धान्य कसं आहे ते घरी तपासता येतं: चमचाभर दाणे रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधा. एक-दोन दिवसांत बहुतेक दाण्यांना मोड आले तर धान्य जिवंत आहे. निम्म्यालाही आले नाहीत किंवा कुबट वास आला तर ते पाकीट बदलून मागा. आणखी एक खबरदारी शेतीच्या मुलखात घ्यावीच लागते. धान्य किराणा दुकानातलं घ्या, पेरणीसाठीचं बियाणं नको. त्याला बुरशीनाशक-कीटकनाशक चोळलेलं असतं. गुलाबी-लाल रंग चढलेला दाणा म्हणजे विष.

सुटी विकली जाणारी खेळणी

सुती दोरीचं खेळणं दिसायला मऊ आणि निरुपद्रवी, प्रत्यक्षात त्याने बरेच अपघात होतात. बजी धागा धागा सोडवतो; सुटा धागा बोटाभोवती गुंडाळला जातो आणि रक्त थांबून बोट काळं पडतं. गिळलेले धागे गळ्याशी असलेल्या अन्नाच्या पिशवीत गोळा होऊन अडकतात. दोरी ठेवायचीच तर घट्ट पिळाची, वीतभर लांब, आणि रोज बघून सुटलेले धागे कात्रीने मुळाशी कापायचे. नायलॉन तर मुळीच नको, तो तुटत नाही. दोरीचा फासा असेल तर तो डोकं जाणार नाही इतका लहान किंवा अख्खा पक्षी सहज पार होईल इतका मोठा हवा. मधल्या मापाचा फासा गळ्यात अडकतो.

रंगीत लाकडी ठोकळ्यांची खेळणी कॉकटील आणि लव्हबर्डला आवडतात. बजीला ठोकळा जड जातो, तो फक्त ढकलत राहतो. रंगाची परीक्षा सोपी: पांढरं फडकं ओलं करून जोरात घासा. रंग उतरला आणि विकणारा तो खाद्यरंग आहे असं खात्रीने सांगू शकला नाही तर सोडून द्या. गोंदाने चिकटवलेली आणि आत बारीक खिळे मारलेली खेळणीही नकोत.

खरं सांगायचं तर बजीला सगळ्यात आवडणारं सामान या दुकानांत नसतंच, ते आपल्या बाजारात इतरत्र पडलेलं असतं. बाशिंगं करणाऱ्यांकडचं भेंड (पाणवनस्पतीचा पांढरा, मऊ गाभा), फक्त न रंगवलेलं आणि खळ न लावलेलं: इतकं हलकं की बजीची चोच त्यात सहज रुतते. पळसाच्या पानांचे टाचलेले द्रोण, चांदी लावलेले कागदी नव्हेत. बुरुडाकडची मुठीएवढी परडी, बिनरंगाची. वेलावरच वाळलेलं घोसाळं, ज्याच्या आतली जाळी अंघोळीला वापरतात. ज्वारीच्या वाळलेल्या धाटाची पेरं, ज्याच्या गाभ्याच्या पोरं बैलगाड्या करतात. फक्त ज्वारी पक्व झालेली हवी. कोवळ्या पोंग्यात जे विष असतं आणि ज्याने जनावराला किराळ लागतो, ते पक्ष्यालाही बाधतं. कणसाला ही अडचण नाही. हुरड्याच्या दिवसांत शाळूचं फवारणी नसलेलं कणीस अख्खं टांगलं तर बजी दिवसभर त्यावर उलटा लटकून खातो.

यातून एक खेळणं असं करता येतं. केळीच्या सोपटाची वीतभर दोरी घ्या, गजरे बांधायला वापरतात ती. दाभणाने भोकं पाडून ओवा: आधी एक द्रोण, उपडा, मग अर्ध्या इंचाचे भेंडाचे चार तुकडे, मधे मधे घोसाळ्याच्या बोटभर जाडीच्या तीन चकत्या, शेवटी छपाई नसलेल्या कागदाच्या दोन इंची सात-आठ पट्ट्या एकत्र बांधून झिरमिळी. खाली गाठ. द्रोणाच्या टाचलेल्या काड्या टोकदार वाटल्या तर काढून घ्या. सगळं मिळून सहा इंचांपेक्षा लांब नको, नाहीतर छोट्या पक्ष्याला ते अंगावर आल्यासारखं वाटतं. विष्ठा लागलेलं किंवा ओलं झालेलं खेळणं धुवत बसू नका, फेकून नवं करा. प्लॅस्टिक आणि स्टीलचं मात्र आठवड्याला गरम साबणाच्या पाण्याने धुवून, खळखळून, उन्हात वाळवायचं.

पहिला महिना

वस्तू कितीही चांगली असली तरी ती चुकीच्या दिवशी दिली तर वाया जाते. पहिले तीन दिवस पिंजऱ्यात एकही खेळणं नको. फांद्या, पाणी, धान्य, समुद्रफेस, बस. पिंजरा माणसाच्या छातीच्या उंचीवर, एक बाजू भिंतीला टेकलेली, घरातली माणसं जिथे बसतात त्या खोलीत. स्वयंपाकघरात अजिबात नाही: नॉनस्टिक तवा फार तापला की निघणारा वायू माणसाला जाणवतही नाही, पक्षी मात्र मिनिटांत मरतो. अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल, रूम फ्रेशनर, फिनेल हे सगळं त्या खोलीबाहेर. उसाचं पाचट पेटवण्याच्या दिवसांत वाऱ्याची दिशा पाहून खिडकी लावून घ्या. पक्ष्याची फुप्फुसं आणि हवेच्या पिशव्या धूर माणसापेक्षा कितीतरी वेगाने आत ओढतात.

पहिल्या रात्री पातळ सुती कापडाने तीन बाजू झाका, चौथी उघडी ठेवा. दहा ते बारा तास शांत झोप हवी. कॉकटील अंधारात दचकून धडपडतो, पंखाची पिसं मोडून रक्त येतं. त्याला मंद दिवा लागतो, आणि वीज जाते तिथे तो चार्जिंगचा असावा. गणेशोत्सवाच्या मिरवणुका किंवा दिवाळीचे फटाके तोंडावर असतील तर पक्षी नंतर आणा.

दुकानात जे धान्य खात होता तेच पहिले पंधरा दिवस द्या, बजीला दिवसाला दीड-दोन चहाचे चमचे. वाटीत वर सोललेली सालपटं साचतात आणि वाटी भरलेली दिसते. रोज सकाळी फुंकर मारून बघा, पुष्कळदा खाली दाणाच नसतो. थोडं धान्य तळाच्या कागदावर पसरा, घाबरलेला पक्षी आधी खाली उतरून खातो. ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा असेल तर पहिल्या दिवशी वजन लिहून ठेवा. त्यातलं दहा टक्के घटलं तर वाट बघायची नाही. चोवीस तासांत काहीच खाल्लं नाही, किंवा पिसं फुगवून तळात बसून राहिला, तर लगेच दवाखाना. इथल्या बहुतेक दवाखान्यांचा भर गाई-म्हशींवर असल्यामुळे पक्षी तपासणारा डॉक्टर पक्षी आणायच्या आधी विचारून ठेवा. घरात आधीचे पक्षी असतील तर नव्याला महिनाभर वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत.

खेळण्याची वेळ कधी झाली ते पक्षी स्वतः सांगतो. अंग चोपून, मान उंच करून, खांबासारखा ताठ बसला असेल तर अजून नाही. पिसं साफ करायला लागला, एका पायावर झोपायला लागला, संध्याकाळी चोच घासल्याचा बारीक कर्रकर्र आवाज येऊ लागला, की तो सैलावला. कॉकटीलचा तुरा मागे चपटा आणि तोंडाने फुसकारा म्हणजे दूर राहा. तुरा अर्धवट सैल म्हणजे ठीक आहे.

मग सुरुवात टांगत्या वस्तूने न करता खाण्याच्या वस्तूने करा. न फवारलेली कोथिंबिरीची जुडी किंवा शेवग्याचा डहाळा धुवून, ओलाच, तारेला चिमट्याने लावा. बजी आधी त्यातलं पाणी चाटतो, मग पान फाडतो. ते जमलं की एक सपाट ताटली, त्यात कागदाचे कपटे आणि वर उघडे दाणे. दोन दिवसांनी दाणे कपट्यांखाली. मग कागदाच्या सैल पुडीत, मग पिळलेल्या पुडीत. प्रत्येक पायरीवर पक्ष्याने दाणा शोधून काढेपर्यंत थांबायचं. पुडी लगेच घट्ट केली तर तो नाद सोडतो, आणि मग पुन्हा उघड्या दाण्यांपासून सुरू करावं लागतं.

टांगतं खेळणं आधी पिंजऱ्याबाहेर, तीन-चार फुटांवर, त्याला दिसेल असं ठेवा. त्याच्यासमोर तुम्ही ते हाताळा, एखादी पट्टी फाडा. बजी थव्यात राहणारा पक्षी आहे. दुसरं कुणी एखादी वस्तू निर्धास्तपणे हाताळतंय हे पाहिलं की त्याची भीती उतरते. रोज वीतभर जवळ आणा. पिंजऱ्याच्या बाहेरच्या बाजूला टेकवूनही तो शांत राहिला तरच आत. आत टांगताना कडेला, त्याच्या आवडत्या फांदीपासून थोडं लांब आणि छातीच्या पातळीला. डोक्यावर कधीच नाही. वरून लोंबणारी वस्तू त्याला झडप घालणाऱ्या शिकाऱ्यासारखी वाटते, आणि ‘आमचा पक्षी खेळतच नाही’ या तक्रारीचं सगळ्यात मोठं कारण हेच. दुसरं कारण खेळणं वाटीजवळ असणं: घाबरून तो खायलाही जात नाही. तिसरं, पिंजरा खेळण्यांनी इतका भरलेला की पंख उघडता येत नाहीत. एका वेळी दोन-तीन पुरेत. आठवड्याला त्यातलं एकच बदला, बाकी ओळखीची राहू द्या.

टांगल्यावर पक्षी तारांवर आपटत फडफडला तर खेळणं तिथेच ठेवून ‘सवय होईल’ म्हणू नका. काढा, पुन्हा बाहेर, पुन्हा लांबून. कपाळावरच्या आडव्या रेषा नाकापर्यंत आलेला बजी तीन-चार महिन्यांच्या आतला असतो आणि तो लवकर धीट होतो. त्या रेषा गेलेल्या मोठ्या पक्ष्याला वेळ जास्त लागतो, पण तोही शिकतो. फिंच (मुनियासारखे छोटे, दाणे खाणारे पक्षी) मात्र खेळण्यांकडे फिरकत नाहीत. त्यांना झोका, वाळलेलं गवत आणि अंघोळीची पसरट वाटी दिली की झालं. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीचा पारा चाळिशीकडे जातो, तेव्हा ती पसरट वाटी बजीलाही द्या. चोच उघडी टाकून धापा टाकत असेल, पंख अंगापासून लांब धरले असतील, तर पिंजरा लगेच गार खोलीत हलवा. पत्र्याच्या छपराखाली आणि कूलरच्या थेट झोतात दोन्हीकडे नको.

दुकानात आपला हिरवा पोपट किंवा त्याचं पिल्लू कुणी पुढे केलं तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपट पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. बजी, कॉकटील परदेशी जातींचे, पिंजऱ्यातच पैदास झालेले.

सेटमधला तो छोटा पिंजरा मात्र टाकू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत घुसलं, २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा आलं, आणि नदीकाठच्या वस्त्यांत राहणाऱ्यांना आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे चढू लागलं की सामान आवरावं लागतं. दोन फुटांचा पिंजरा घेऊन पाण्यातून चालता येत नाही. दुसऱ्या महिन्यापासून छोटा पिंजरा दार उघडं ठेवून मोठ्याच्या दाराला जोडा, आत एक फांदी आणि राळ्याचं कणीस टांगा. पक्षी स्वतःहून ये-जा करू लागला की आठवड्यातून एकदा दोन मिनिटं दार लावून उचलून घरात फिरवा, आणि परत आणल्यावर कणीस द्या. सोबत न्यायची पिशवीही तयार ठेवा: आठ दिवसांचं धान्य, उथळ वाटी, एक सुती कापड आणि त्याचं ओळखीचं एक खेळणं.